पाच वर्षांचं अर्धं तिकीट

आमच्या नातवाला २०२४ च्या एप्रिलमध्ये पाच वर्षं पूर्ण झाली. रेल्वेच्या लेखी ही फार मोठी गोष्ट. पाच वर्षांखालच्या मुलाला गाडीत तिकीट लागत नाही. पाच पूर्ण झाली की अर्धं तिकीट. (आरक्षित डब्यात त्याच्यासाठी वेगळा बर्थ घ्यायचा असेल तर २०१६ पासून पूर्ण भाडं पडतं, पण तो हिशेब आईवडिलांचा.) तोवर मूल म्हणजे आईच्या मांडीवरचं एक बोचकं. पाचव्या वाढदिवशी ते प्रवासी होतं. हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो दिवसभर घरात आणि जिन्यात सगळ्यांना सांगत सुटला, “आता मला तिकीट लागतं!”

वाढदिवसाच्या बेताची सुरुवात मात्र तिकिटापासून झाली नव्हती. मार्चमध्ये एका संध्याकाळी सुनेने मोबाइल माझ्यापुढे धरला. “आई, हे बघा ना, किती गोड!” चित्रात जुन्या काळच्या आगगाडीचा वाढदिवस होता. विलायती इंजिन, मागे बर्फ पडलेली सूचीपर्णी झाडं, तपकिरी कागदाच्या पिशव्या आणि मध्ये एक टोपी घातलेलं गोरंगोमटं मूल. नातवाला आगगाडीचं वेड, तेव्हा आपणही असंच करायचं, असं तिच्या मनात होतं. अशा समारंभांची कामं घेणाऱ्या एकाला तिने विचारलंही होतं. त्याने ३५ हजार रुपये सांगितले. त्यात फुग्यांची कमान, थर्मोकोलचं इंजिन आणि धूर सोडणारं यंत्र. मी विचारलं, “आणि मुलांनी काय करायचं?” तर मुलांनी इंजिनासमोर उभं राहून फोटो काढून घ्यायचे.

“छान आहे,” मी म्हटलं. पण माझ्या चेहऱ्यावर ते छान उमटलं नसावं. सुनेला वाटलं, म्हातारीला पैसे जास्त वाटले. ते वाटलेच होते. पण दुसरंही एक कारण होतं आणि ते मी घरात कोणाला कधी सांगितलं नव्हतं.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, दौंडला मालगाडीचे गार्ड होते. सोलापूरची लाइन आणि मनमाडची लाइन जिथे फुटते ते हे जंक्शन. आमचं बालपण रेल्वे कॉलनीत, कोळशाच्या धुरात गेलं. दोरीवर वाळत घातलेलं पांढरं धुणं संध्याकाळी करडं होऊन घरात यायचं. इंजिनांची गंमत आम्हाला नव्हती. चुलीची कोणाला गंमत वाटते? आमच्या लेखी रेल्वे म्हणजे कॉलबॉय. मालगाडीला वेळापत्रक नसतं. गाडी तयार होत आली की कॉलबॉय रजिस्टर घेऊन दारात उभा राहायचा. वडिलांनी त्यावर सही करायची आणि दोन तासांत ड्यूटीवर हजर व्हायचं. मग दिवाळीचा फराळ पुढ्यात असो की घरात पाहुणे असोत.

१९६४ साली मी नऊ वर्षांची झाले. अण्णांनी कबूल केलं होतं, या वर्षी नक्की. आईने शिरा केला होता. औक्षणाचं ताट तयार होतं. कडी वाजली. दारात कॉलबॉय. अण्णांनी सही केली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेले. ते आले दुसऱ्या दिवशी दुपारी. आईने त्यांच्या वाट्याचा शिरा वाटीत झाकून ठेवला होता. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. पुढे कधीतरी, मी कॉलेजात असताना, त्या रात्री काय झालं ते त्यांनी बोलता बोलता सांगितलं. ते मी मागून सांगते.

तर, माझ्या मनात जुन्या आगगाडीशी असं भांडण होतं. आणि इथे तीच आगगाडी फुग्यांची कमान लावून दारात येत होती. दोन दिवस मी गप्प होते. तिसऱ्या दिवशी नातवाने विचारलं, “आजी, इंजिनात ड्रायव्हर असतो. मग शेवटच्या डब्यात कोण असतं?”

मी म्हटलं, “माझे अण्णा असायचे.”

तिथून आमच्या वाढदिवसाचं रूळ बदलले.

अशा बेतात पहिला प्रश्न मी सुनेला विचारला तो असा : जुनी गाडी म्हणजे नेमकी कधीची? कारण जुनी गाडी नावाची एक गाडी नसते. आपल्याकडची पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी, शनिवारी दुपारी, बोरीबंदरहून ठाण्याला गेली. १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, ३४ किलोमीटर, आणि ओढायला तीन इंजिनं : साहिब, सिंध आणि सुलतान. ही एक जुनी गाडी. नेरळहून माथेरानला चढणारी चिमुकली गाडी १९०७ ची. डेक्कन क्वीन १ जून १९३० ची. सुनेने निमंत्रणासाठी डेक्कन क्वीनचं चित्र काढलं होतं, त्यात इंजिनातून भरपूर धूर निघत होता. तिला म्हटलं, ही राणी पहिल्या दिवसापासून विजेच्या इंजिनावर धावली, तिच्या डोक्यावर धूर कशाला? सून हसली आणि म्हणाली, “मग आई, तुम्हीच सांगा.”

आम्ही १९६४ साल धरलं. ज्या काळाबद्दल घरातलं कोणीतरी सांगू शकेल तो काळ निवडावा, असं माझं मत आहे. पाच वर्षांची मुलं फार प्रश्न विचारतात. सजावटीला उत्तरं देता येत नाहीत. तुमच्या घरात कोणी वाफेच्या इंजिनाचा प्रवास केला असेल, बदली गाडीसाठी मनमाडला रात्र काढली असेल, बार्शी लाइटच्या छोट्या गाडीतून पंढरपूरला गेलं असेल, तर त्यांना आधी गाठा. साल ठरलं की रंगही आपोआप ठरतात. काळं इंजिन, गेरूच्या रंगाचे डबे, पिवळी पाटी. बर्फ आणि सूचीपर्णी झाडं गळून पडतात.

आता सामान. फ्रिज आणि वॉशिंग मशीनची दोन मोठी खोकी दुकानदाराने फुकट दिली. आमची पहिली चूक अशी झाली, की प्रत्येक मुलासाठी एक खोकं, म्हणजे एक डबा, असं ठरवलं. खोक्याचा तळ आणि झाकण कापायचं, जुन्या ओढणीचे पट्टे लावून ते मुलाने खांद्यावर अडकवायचं. शेजारची चार मुलं बोलावून आठवडाभर आधी चाचणी घेतली. चार डबे चालायला लागले, दुसऱ्याचा पाय तिसऱ्याच्या खोक्यात आणि सगळी गाडी गच्चीवर आडवी! पुन्हा प्रयोग केला नाही. खोकी दोनच ठेवली, पुढे इंजिन आणि मागे गार्डचा डबा. मधल्या सगळ्यांसाठी एक लांब सुती दोर घेतला, त्याला हातभर अंतरावर गाठी मारल्या. प्रत्येकाने एकेक गाठ धरायची. गाठ सुटली की डबा सुटला. ही दोराची गाडी पडत नाही, वळते छान, आणि मुलं वाढली तर गाठी वाढवता येतात. चाकं म्हणून कागदी ताटल्या, धुराड्यातून कापूस. धुराचं यंत्र नको. लहान मुलांच्या छातीला धूर कशाला द्यायचा? फुगेही आम्ही टाळले, कारण फुटलेल्या फुग्याचे तुकडे लहान मुलं तोंडात घालतात.

इंजिनाचा आवाज मात्र नीट शिकवला. वाफेचं इंजिन ‘झुक झुक’ का करतं, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. बॉयलरमध्ये पाण्याची वाफ होते. ती सिलिंडरमध्ये जाऊन दट्ट्या ढकलते, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. काम झालेली वाफ धुराड्यातून जोरात बाहेर पडते, तोच तो फुसकारा. साध्या इंजिनाला दोन सिलिंडर, प्रत्येकाचे दोन फुसकारे, म्हणजे चाकाच्या एका फेरीत चार. चार मुलं ओळीने उभी केली आणि एकेकाने ‘भक’ म्हणायचं. आधी सावकाश, मग भराभर. अर्ध्या मिनिटात गाडीने वेग घेतला, आणि पाठोपाठ खालच्या मजल्यावरून तक्रारही आली. वाफ संपते म्हणून पाणी लागतं आणि पाण्यासाठी गाडीला थांबे लागतात. एप्रिलच्या उन्हात मुलांना पाणी पाजायला याहून चांगलं निमित्त नाही. ‘पाण्याचा थांबा’ म्हटलं की सगळं इंजिन रांगेत उभं राहून कोकम सरबत पितं.

तिकिटांवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. आपल्या पिढीने हाताळलेलं ते जाड पुठ्ठ्याचं छोटं तिकीट थॉमस एडमन्सन नावाच्या इंग्रज स्टेशनमास्तरने एकोणिसाव्या शतकात काढलं. त्याआधी तिकडे कारकून प्रवाशाला हाताने कागद लिहून द्यायचा. एडमन्सनने ठरावीक मापाची, अनुक्रमांक छापलेली पुठ्ठ्याची तिकिटं केली आणि त्यावर तारीख उठवायचं यंत्र केलं. क्रमांकामुळे किती विकली त्याचा हिशेब चोख. सव्वादोन इंच लांब आणि सव्वा इंचाला किंचित कमी रुंद, हे त्याचं माप जगभर चाललं. आपल्याकडे संगणकाची तिकिटं येईपर्यंत खिडकीआडून ‘खट्’ असा आवाज यायचा तो त्या तारखेच्या यंत्राचा. लग्नपत्रिकांचा पुठ्ठा कापून मी तशी तिकिटं केली. भाडं : एक गाणं. वर्ग : तिसरा. तेव्हा तिसरा वर्ग होता, तो १९७४ मध्ये गेला. एका मुलीने तिकीट वाचून मला सुनावलं, “आजी, मी तिसरीत नाहीये. मी सीनियर केजीत आहे.”

बारा मुलांपैकी सात जणांची पाच वर्षं पूर्ण झाली होती. त्यांना अर्धी तिकिटं. पाच जण अजून पाचच्या आतले. त्यांना नियमाने तिकीट नाही. मला वाटलं होतं, फुकट प्रवास म्हणून ती खूश होतील. त्यातला एक हमसून रडायला लागला. मग त्यांना पास दिले. पास म्हणजे तिकिटापेक्षा वरची गोष्ट, रेल्वेच्या लोकांनाच मिळते, असं सांगितल्यावर तिकीटवाले रुसले. तुम्ही करणार असाल तर सरसकट सगळ्यांना तिकीट द्या. नियम पाळायचा माझा हट्ट चुकला.

तिकीट तपासनिसाच्या हातात कागदाला भोकं पाडायचं पंच दिलं, तेव्हा तो मुलगा अर्धा तास दुसरं काही करायला तयार होईना. मुलांना आगगाडी बघायची नसते, ती चालवायची असते, हे मला तेव्हा दिसलं. ३५ हजारांच्या थर्मोकोलला पंचाची सर नाही.

सिग्नलसाठी दोन लाकडी फूटपट्ट्या लागल्या. एक उभी, एक तिच्या टोकाशी स्क्रूने सैल बसवलेली, लाल रंगवून वर पांढरा पट्टा. दोरी सोडली की खाली. आडवा हात म्हणजे थांबा, खाली पडलेला हात म्हणजे जा. म्हणून तर आपण ‘सिग्नल पडला’ म्हणतो. खऱ्या सिग्नलला वजन लावलेलं असतं. ओढणारी तार मध्येच तुटली तर हात आपोआप आडवा होतो, म्हणजे बिघाड झाला तर गाडी थांबते, पुढे जात नाही. माझ्या मुलाने, म्हणजे नातवाच्या बाबांनी, वजन म्हणून जुनं कुलूप लावून हे करून दाखवलं. वाढदिवस बाजूला राहिला आणि दोघं बापलेक रात्री अकरापर्यंत तार तोडून सिग्नल आडवा होतो का ते पाहत बसले.

एकेरी मार्गावर सिग्नलच्या जोडीला टोकन असायचं. पुढच्या स्टेशनापर्यंत रूळ मोकळा असेल तरच स्टेशनमास्तर यंत्रातून लोखंडी गोळा काढून ड्रायव्हरला द्यायचा. वेताच्या कड्याला बांधलेल्या कातडी पिशवीत तो गोळा. गोळा हातात नसेल तर गाडी हलवायची नाही. यंत्रातून एका वेळी एकच गोळा निघतो, म्हणून समोरासमोर दोन गाड्या येत नाहीत. आम्ही हुला हूपला कापडी पिशवी बांधली आणि आत नागपूरचं संत्रं ठेवलं. स्टेशनमास्तराने कडं उंच धरायचं आणि ड्रायव्हरने चालता चालता हात घालून ते उचलायचं. मुलांचे दोन गट करून समोरासमोर दोन गाड्या सोडल्या आणि गोळा एकच ठेवला. कोण थांबणार, यावर मुलांनी स्वतःच तोडगा काढला, तो मात्र रेल्वेच्या पुस्तकात नाही. त्यांनी संत्रं सोलून खाल्लं.

स्टेशनची पाटी पिवळी, काळी अक्षरं, तीन भाषांत. नातवाच्या नावापुढे ‘रोड’ जोडलं. गाव दूर आणि स्टेशन रस्त्यावर, अशा ठिकाणाला रेल्वे ‘रोड’ लावते, जसं नाशिक रोड. खाली ‘समुद्रसपाटीपासून उंची’ लिहितात, तिथे त्याची स्वतःची उंची लिहिली : १.०८ मीटर. पाटी अजून त्याच्या खोलीत आहे. दर वाढदिवसाला आकडा खोडायचा असं ठरलंय.

खाणं स्टेशनवार. जळगावची केळी, साताऱ्याचे कंदी पेढे, लोणावळ्याची चिक्की आणि कर्जतचा वडा. कर्जतच्या वड्याचं नाव का झालं, त्यामागे रेल्वेच आहे. कर्जतनंतर भोर घाट सुरू होतो. तिथे सदतिसास एक असा चढ आहे, म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर. एका इंजिनाला ते झेपत नाही, म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना मागून रेटा द्यायला कर्जतला जास्तीची इंजिनं लावतात, त्यांना बँकर म्हणतात. ती जोडेपर्यंत गाडी उभी आणि गाडी उभी म्हणजे वडेवाल्यांची दिवाळी. शेजारचे काका डोक्यावर टोपली घेऊन ‘वडेऽऽ’ ओरडत आले तेव्हा मोठी माणसंच आधी धावली. लहानांच्या वड्यात मिरची नको, एवढं लक्षात ठेवा. गच्चीच्या उताराचा आम्ही घाट केला आणि दोन दांडगी मुलं बँकर म्हणून मागे लावली. केकबद्दल फार सांगण्यासारखं नाही. स्विस रोलचं बॉयलर, बिस्किटांची चाकं, बेकरीवाल्याची मदत न घेता एका तासात झालं.

आता निमंत्रण. छापील पत्रिका नको म्हटलं. माझ्या मनात कॉलबॉय होता, पण बोलायला मी कचरत होते. शेवटी सुनेला सगळं सांगितलं. १९६४ चा वाढदिवस, कडी, रजिस्टर, झाकून ठेवलेला शिरा. ती ऐकून घेत राहिली आणि मग उठून तिने एका जुन्या वहीला लाल कापडाची पाठ लावली. वाढदिवसाच्या दोन दिवस आधी नातू ती वही घेऊन इमारतीत घरोघर फिरला. कडी वाजवायची, वही पुढे करायची आणि म्हणायचं, “रविवारी साडेपाच वाजता ड्यूटी आहे. सही करा.” ज्यांना सही येत नव्हती त्यांनी फुली मारली, एकीने मांजर काढलं. पहिली तालीम त्याने आमच्याच दारावर केली. कडी वाजली, मी दार उघडलं आणि समोर रजिस्टर घेऊन तो उभा. मला क्षणभर बोलता येईना. मग मी सही केली.

कामं वाटताना सगळ्यांनाच ड्रायव्हर व्हायचं असतं, त्याला इलाज नाही. दर स्टेशनला ड्यूटी बदलायची असं सांगितल्यावर निभावलं. काळ्या कागदाचे बोळे फावड्याने भट्टीत टाकणारा फायरमन ड्रायव्हरपेक्षा भाव खाऊन गेला. पण नातवाने आधीच सांगून ठेवलं होतं, मी गार्ड. आणि मी बदलणार नाही.

गार्ड काय करतो, हे मी त्याला आठवडाभर रोज रात्री थोडं थोडं सांगितलं होतं. (२०२२ पासून या पदाला ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणतात, पण आमच्या घरात गार्डच.) गार्डचा डबा शेवटचा. मालगाडीच्या त्या डब्यात अण्णांच्या काळी दिवा नव्हता, पंखा नव्हता. सोबत काळी पत्र्याची पेटी, तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव. पेटीत लाल-हिरव्या झेंड्या, हातदिवा, नियमांचं पुस्तक आणि फटाके. नातवाने विचारलं, “दिवाळीचे?” नव्हेत. गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये बंद पडली, तर मागून येणाऱ्या गाडीने तिला धडकू नये म्हणून गार्डने मागे चालत जायचं असतं. ६०० मीटरवर रुळावर एक फटाका लावायचा, १२०० मीटरवर तीन. चाक त्यावरून गेलं की मोठा बार होतो आणि ड्रायव्हर गाडी थांबवतो. मग गार्डने तिथेच लाल दिवा दाखवत उभं राहायचं, परत बोलावेपर्यंत.

माझ्या नवव्या वाढदिवसाच्या रात्री अण्णा असे उभे होते. इंजिनात बिघाड झाला होता, गाडी रानात अडकली होती. थंडी होती. पहाटेपर्यंत ते त्या फटाक्यांपाशी, दिवा घेऊन. त्यांनी मला हे सांगितलं ते तक्रार म्हणून नव्हे. दिव्यातलं तेल संपत आलं होतं आणि ते पुरवायला वात किती बारीक करावी, याची गोष्ट सांगत होते. तारीख माझ्या लक्षात आली, त्यांच्या नाही. निवृत्त होताना पेटी, झेंड्या, दिवा सगळं जमा करावं लागलं. घरी राहिली ती त्यांनी स्वतःच्या पैशांनी घेतलेली पितळी शिट्टी.

वाढदिवसाला फटाक्यांच्या जागी आम्ही काचसामानाभोवती गुंडाळतात ते बबल रॅपचे तुकडे जमिनीला चिकटवले. पाय पडला, फट् झालं, की सगळी गाडी जागच्या जागी उभी. लहान मुलांना थांबवायला ओरडावं लागतं, असं मला वाटायचं. त्या संध्याकाळी कोणी ओरडलं नाही. शिट्टी मात्र उकळत्या पाण्यातून काढून फक्त गार्डला दिली. बारा शिट्ट्या वाटू नका. तुमचे शेजारी तुम्हाला पुन्हा ओळख देणार नाहीत.

सहा वाजून चाळीस मिनिटांनी शेवटची गाडी सुटायची होती. गच्चीच्या या टोकाहून त्या टोकाला, जिथे केक मांडला होता. सिग्नल पडला. संत्र्याचा गोळा ड्रायव्हरच्या हातात. भट्टीत कोळसा. सगळ्यांनी गाठी धरल्या. पालकांनी मोबाइल वर केले. ड्रायव्हरने भोंगा दिला. गार्ड हलेना. त्याच्या हातात लाल झेंडी तशीच.

“अरे, दाखव हिरवी,” त्याचे बाबा म्हणाले. मेणबत्त्या वाऱ्याने विझत होत्या, आजोबा पुन्हा पुन्हा पेटवत होते. सून मला म्हणाली, “आई, तुम्ही सांगा त्याला.” मी जवळ गेले. तो दोरावरच्या गाठी मोजत होता. एक गाठ रिकामी होती. सर्वांत लहान, साडेतीन वर्षांची मुलगी खाली तिच्या घरी बाथरूमला गेली होती आणि ते कोणाच्या लक्षात नव्हतं.

सात मिनिटं गाडी उभी राहिली. इंजिन वैतागलं, मधले डबे खाली बसले, एका बाबांनी घड्याळ पाहिलं. नातू त्याच्या खोक्यात ताठ उभा होता, हात दुखला की झेंडी दुसऱ्या हातात घ्यायचा. मग जिन्यातून ती मुलगी धावत आली, तिने तिची गाठ धरली. त्याने लाल झेंडी गुंडाळली, हिरवी काढली आणि अण्णांची शिट्टी वाजवली.

गाडी पोचल्यावर स्टेशनमास्तर झालेल्या मुलाने नियमाप्रमाणे शेवटचा डबा पाहिला. शेवटच्या डब्याच्या पाठीवर फुली असते. ती दिसली म्हणजे पूर्ण गाडी आली, वाटेत डबा सुटला नाही. फुली दिसली. मग केक कापला. तोवर इंजिनाने केकच्या चिमणीवर हल्ला चढवला होता आणि सगळ्या डब्यांनी ताटल्या पुढे केल्या होत्या. गार्ड खोक्यातून बाहेर पडून, झेंड्यांच्या नीट घड्या घालून टेबलापाशी येईपर्यंत बिस्किटाचं एकही चाक उरलं नव्हतं.

सुनेने त्याचा हात धरून त्याला आत नेलं. ओट्यावर वाटीत त्याच्या वाट्याचा केक झाकून ठेवला होता.